रात्र सगळ्यांची, घड एकाचा

पळस्पे फाट्यावर संध्याकाळी सातनंतर उभं राहायलाही जागा शोधावी लागते. एका अंगानं जुना मुंबई-पुणे रस्ता जातो, दुसऱ्या अंगानं जेएनपीटीकडचे कंटेनर लादलेले ट्रेलर येतात आणि दक्षिणेला गोव्याचा रस्ता फुटतो. राष्ट्रीय महामार्ग ६६ इथून, पनवेलच्या या टोकापासून सुरू होतो आणि किनाऱ्याकिनाऱ्यानं थेट कन्याकुमारी गाठतो. बोरिवली, ठाणे, कल्याणहून सुटलेल्या खासगी बसगाड्या इथं पाच मिनिटं टेकतात. बॅगा, मिठाईचे पुडे, खोक्यातला नवाकोरा मिक्सर घेऊन माणसं वाट बघत असतात. कणकवली, कुडाळ, सावंतवाडी, वेंगुर्ला अशी गावांची नावं क्लीनर ओरडत असतो.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘एक खास रात्र’ असा विषय दिला, तेव्हा मला लिलावात मिळालेल्या रात्रीवर लिहावंसं वाटलं. मोठ्या शहरांत आता संस्थांसाठी पैसे उभे करताना वस्तूंपेक्षा अनुभवांचा लिलाव जास्त होतो. एखाद्या हॉटेलातलं जेवण आणि मुक्काम, एखाद्या कलावंताबरोबरची संध्याकाळ, बोटीतली फेरी. बोली लावायची, पैसे संस्थेला जायचे आणि ती रात्र आपल्या नावावर व्हायची. अशी रात्र मिळालेलं एक जोडपं पळस्प्याजवळच्या गृहसंकुलात राहतं, असं एका परिचितानं सांगितलं आणि मी त्यांच्याकडे गेले. त्यांच्या घरी चहा पिताना कळलं, की या गृहस्थांनी आयुष्यात बोली काही पहिल्यांदा लावली नव्हती. ते वेंगुर्ला तालुक्यातले. दरवर्षी मार्गशीर्षात याच फाट्यावरून बस पकडून ते जत्रेला जातात आणि देवळासमोर केळीच्या घडावर बोली लावतात.

मग नुसत्या हॉटेलातल्या रात्रीवर लिहिणं मला जमेना.

बिल न येणारं जेवण

पळस्पे मुळात भातशेतीचं गाव. आता भोवती गोदामं, कंटेनर यार्ड आणि उंच इमारती आहेत. या जोडप्याच्या खिडकीतून दोन इमारतींच्या फटीत कर्नाळ्याचा सुळका दिसतो. गृहस्थ मालवाहतुकीच्या कचेरीत काम करतात, वहिनी शाळेत शिकवतात. ज्या कार्यक्रमात बोली लागली, तो नवी मुंबईतल्या एका सभागृहात झाला होता. आदिवासी मुलांच्या वसतिगृहासाठी पैसे जमवायचे होते. यांना निमंत्रण कचेरीच्या मालकांकडून आलं होतं. बोली लावायचा विचार करून दोघंही गेले नव्हते.

“यांनी हात वर केला तेव्हा मला वाटलं, वेटरला पाणी मागतायत,” वहिनी म्हणाल्या. “मग पुढच्या टेबलावरच्या माणसानं आकडा वाढवला आणि यांनी पुन्हा हात वर केला.”

आकडा किती झाला ते त्यांनी मला सांगितलं, पण छापू नका म्हणाल्या. घरात अजून सगळ्यांना माहीत नाही.

मिळालं ते असं: मुंबईतल्या हॉटेलात समुद्राकडे तोंड असलेली खोली, रात्रीचं जेवण, सकाळचा नाश्ता आणि न्यायला-आणायला गाडी. कुपनावर अटी होत्या. सहा महिन्यांत वापरायचं, शनिवार-रविवार आणि सणांचे दिवस सोडून. पेयं वेगळी. मुलांना वहिनींच्या आईकडे ठेवलं, एका बुधवारी दोघांनी अर्धी रजा काढली. गाडी अटल सेतूवरून गेली. जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला तो पूल पळस्प्याच्या माणसाला घरामागचाच, पण या दोघांनी तोवर तो टीव्हीवरच पाहिला होता. शिवडीला उतरेपर्यंत वहिनी काचेला नाक लावून बसल्या होत्या, असं ते सांगत होते आणि वहिनी नाकारत नव्हत्या.

त्या रात्रीत सगळ्यात जास्त काय आवडलं, असं मी विचारलं. समुद्र, खोली, जेवण अशी उत्तरं मला अपेक्षित होती. वहिनींनी थोडा विचार केला.

“ताई, बिल आलंच नाही. जेवताना मी मेनूच्या उजव्या बाजूला बघितलंच नाही. नेहमी आधी तिथंच बघते. पैसे आधीच गेलेले होते आणि ते त्या मुलांकडे गेले होते. नुसतं मजा म्हणून एवढे पैसे घालायला आमचा जीव धजला नसता. आता मुलांचं जेवण झालं होतं, आम्ही नंतर जेवत होतो, असं वाटलं.”

मला या बोलण्यात फार मोलाचं काही सापडलं. आपल्या मध्यमवर्गीय घरांत स्वतःवर पैसा खर्च करताना मन खात असतं. लग्न, श्राद्ध, मुलांची फी, गावचं घर यांवर लाख रुपये बिनदिक्कत जातात आणि दोघांनी मिळून एक रात्र बाहेर काढायची तर दहा कारणं पुढे येतात. दानाच्या बोलीनं वहिनींना आनंद घेण्याची परवानगी दिली. ती परवानगी त्यांना स्वतःहून घेता यायला हवी होती हे खरं, पण मिळाली ते बरं झालं.

रात्र विकायची कशी

असे लिलाव भरवण्यात मदत करणाऱ्या एका बाईंशी मी बोलले. त्या सांगतात, रात्र विकणं वस्तू विकण्यापेक्षा सोपं आहे. चित्र विकायचं तर चित्र आवडावं लागतं, घरात भिंत असावी लागते. जेवण प्रत्येकाला लागतं. शिवाय देणाऱ्याला ते स्वस्त पडतं. हॉटेलातली बुधवारची रिकामी खोली गुरुवारी विकता येत नाही. ती रात्र वाया गेलेलीच असते. तीच दान दिली की हॉटेलचं नाव होतं, संस्थेला रोकड मिळते. शनिवार-रविवार वगळण्याची अट यातूनच येते, कारण तेव्हा खोल्या अशाही भरतात.

लिलावाचे दोन प्रकार असतात. एकात माइकवर माणूस उभा राहून बोली चढवतो. दुसऱ्यात आवाज नसतो. टेबलावर वस्तूचं वर्णन आणि खाली कोरा कागद. ज्याला हवं त्यानं नाव आणि आकडा लिहायचा, पुढच्यानं त्याखाली मोठा आकडा लिहायचा, ठरल्या वेळी कागद उचलायचा. लाजऱ्या माणसांना दुसरा बरा वाटतो. पैसे मात्र पहिल्यात जास्त येतात, असं बाई ठामपणे म्हणाल्या. चारचौघांत आपलं नाव घेतलं जाण्याचा जोर कागदाला नाही.

पावतीची बाजूही माहीत असावी. सार्वजनिक कामासाठी वर्गणी गोळा करायची तर महाराष्ट्रात संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली हवी. नोंदणी नसेल तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या ४१ क कलमाखाली परवानगी लागते. गणपती मंडळं दरवर्षी हीच परवानगी काढतात. आणि ज्याला लोक ‘८०जी’ म्हणतात ती करसवलत दोन हजारांवरच्या रोख देणगीला मिळत नाही. शिवाय लिलावात आपण मोबदल्यात काही घेतलेलं असतं, त्यामुळे सगळी रक्कम देणगी धरली जाईलच असं नाही. बोली लावण्याआधी हे विचारून घेतलेलं बरं.

जगात या प्रकारची सर्वांत गाजलेली बोली वॉरन बफे यांच्याबरोबरच्या जेवणाची. सॅन फ्रान्सिस्कोत बेघर आणि गरीब माणसांसाठी काम करणाऱ्या ग्लाइड या संस्थेसाठी २००० साली ती सुरू झाली, कोविडची दोन वर्षं सोडून २०२२ पर्यंत चालली. त्या वर्षीची बोली एक कोटी नव्वद लाख डॉलरवर गेली आणि एकूण पाच कोटी डॉलरहून अधिक रक्कम संस्थेला मिळाली. २००७ ची बोली मुंबईत जन्मलेले गुंतवणूकदार मोहनीश पबराय यांनी गाय स्पायर या मित्रासोबत जिंकली होती, साडेसहा लाख डॉलरला. ते बायको आणि दोन्ही मुलींना घेऊन गेले. आपण बफेंकडून जे शिकलो त्याची ही गुरुदक्षिणा, असं पबराय सांगत आले आहेत. त्यांचं दक्षणा फाउंडेशन नवोदय विद्यालयांतल्या गरीब मुलांना आयआयटीच्या प्रवेशपरीक्षेसाठी तयार करतं आणि त्याचा मोठा परिसर पुणे जिल्ह्यात आहे. टेबलावर काय खाल्लं हे अशा जेवणात दुय्यम असतं. कोणाला सोबत नेलं, हे मला जास्त बोलकं वाटतं.

८ जुलै १९२१

दानासाठी विकलेली रात्र मराठी माणसाला नवी नाही. आपल्याकडची सगळ्यात मोठी अशी रात्र शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या बालीवाला ग्रँड थिएटरात झाली. ‘संयुक्त मानापमान’.

लोकमान्य टिळक १ ऑगस्ट १९२० ला गेले. त्यांच्या नावानं टिळक स्वराज्य फंड उभा राहिला. ३० जून १९२१ पर्यंत एक कोटी रुपये जमवायचे, असं काँग्रेसनं बेझवाड्याच्या बैठकीत ठरवलं होतं. गावोगाव बायका अंगावरचे दागिने उतरवून देत होत्या. त्या वातावरणात गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांनी फंडासाठी एकत्र प्रयोग करायचं ठरवलं. बालगंधर्व भामिनी आणि केशवराव भोसले धैर्यधर. ज्यांचे चाहते एकमेकांशी बोलताना हमरीतुमरीवर येत, ते दोन आवाज एकाच रंगमंचावर येणार होते. तिकिटाचे दर नेहमीच्या कित्येक पटींनी वाढवले होते आणि तरी थिएटर भरलं.

नाटकाची निवडही विचार करण्यासारखी. ‘मानापमान’ हे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं. खाडिलकर टिळकांच्या ‘केसरी’तले, टिळकांचे अगदी जवळचे. १२ मार्च १९११ ला नाटक पहिल्यांदा रंगभूमीवर आलं. श्रीमंत घरातली भामिनी निर्धन सेनापतीला तुच्छ लेखते आणि पुढे गरिबीचा वेष घेऊन त्याच्याच प्रेमात पडते. पैसा मोठा की माणसाचा पराक्रम, हा त्या नाटकाचा प्रश्न. ज्यांनी भरभक्कम पैसे मोजून तिकीट घेतलं होतं, त्यांच्यापुढेच तो प्रश्न त्या रात्री गायला गेला.

केशवराव त्यानंतर तीन महिनेही जगले नाहीत. ४ ऑक्टोबर १९२१ ला विषमज्वरानं ते गेले, वयाच्या एकतिसाव्या वर्षी. म्हणजे ज्यांना त्या रात्रीचं तिकीट परवडलं नाही किंवा मिळालं नाही, त्यांच्यासाठी ही जोडी एकत्र ऐकायची संधी फार काळ उरली नाही. हे वाचताना मला दरवेळी त्या थिएटरबाहेर राहिलेल्यांची आठवण होते. त्या रात्रीच्या आठवणी लिहून ठेवल्या त्या आत बसलेल्यांनी.

गांधीजींनी पुढे १९३३-३४ च्या हरिजन दौऱ्यात हेच काम रस्त्यावर आणलं. मिळालेलं मानपत्र, त्याची चांदीची पेटी, हार जे असेल त्याचा सभेतच लिलाव करत. स्वाक्षरी हवी तर पाच रुपये. तिथं तिकीट नव्हतं, मैदानात कोणीही उभं राहू शकत होतं. ज्याच्याकडे पैसे होते त्यानं पेटी नेली, बाकीच्यांनी गांधीजींना पाहिलं, ऐकलं. बोली लावणाऱ्याइतकीच सभा त्यांचीही होती.

एक वार, दोन वार

पळस्प्याच्या गृहस्थांच्या गावी, मार्गशीर्षातल्या त्या जत्रेला, मी या जोडप्याबरोबर गेले होते. पळस्प्याहून रात्री निघालेली बस पेण, माणगाव, महाड करत, कशेडीचा बोगदा ओलांडून सकाळी उशिरा कुडाळला पोचली. पळस्पे ते इंदापूर हा या रस्त्याचा पहिला टप्पा, ८४ किलोमीटरचा. त्याचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं आणि रखडलेल्या रस्त्याचा विषय आजही बसमध्ये कोणी ना कोणी काढतंच.

त्यांचं गाव लहान आहे. देऊळ कौलारू, पुढे लाकडी खांबांचा मंडप, बाजूला पिंपळ. दिवसभर ओट्या भरणं चालू होतं. गाभाऱ्यासमोर गाऱ्हाणं घातलं जात होतं आणि प्रत्येक मागणीनंतर मागचे लोक एका आवाजात ‘व्हय म्हाराजा’ म्हणत होते. खाज्याची, लाडवांची, भज्यांची दुकानं लागली होती. मुंबईकर ओळखू येत होते ते पायांतल्या बुटांवरून.

दिवेलागणीनंतर देवापुढच्या वस्तू मंडपात आणून मांडल्या गेल्या. केळीचे घड सगळ्यांत पुढे, मग नारळ, शहाळी, सुरण, दुधी, लाल भोपळा, तांदळाची पोती, देवीला आलेल्या साड्या. याला पावणी म्हणतात. गोव्यातल्या देवळांच्या उत्सवपत्रिकेतही हाच क्रम छापलेला असतो: आरती, फळांची पावणी, पालखी, मग नाटक. गोव्यात शेताच्या मानशीतली, म्हणजे बांधावरच्या पाण्याच्या दारातली, मासेमारी किंवा जत्रेतल्या दुकानांच्या जागा द्यायच्या, तरी पावणीच करतात, म्हणजे लोकांना ती पद्धत हाताखालची.

पावणी पुकारणारे काका साठीच्या पुढचे, आवाज खणखणीत. त्यांनी पहिला घड दोन्ही हातांनी उचलून धरला. कोणाच्या बागेतला, कोणी नवस फेडायला आणला, हे आधी सांगितलं. मग बोली पन्नासावर सुरू केली. शंभर झाले, दोनशे झाले. प्रत्येक आकड्याला काका बोलणाऱ्याचं नाव घेत. नुसतं नाव नाही, घराचं नाव, वाडीचं नाव, “वरच्या वाडीतले, गेल्या साली ज्यांच्या चेडवाचा लग्न झाला ते” असा पूर्ण परिचय. अडीचशेवर एक जण थांबला तेव्हा काका त्याच्या बापाची आठवण काढू लागले. बाप कधी मागे हटला नव्हता. लोक ओरडले, तो हसला आणि तीनशे म्हणाला.

“तीनशे एक वार... तीनशे दोन वार...”

बाजारात असा घड कितीला मिळतो हे तिथं प्रत्येकाला माहीत होतं. तरी बोली त्याच्या पुढे गेली आणि कोणाला त्याचं नवल वाटलं नाही. शेवटचा, सगळ्यांत मोठा घड यायची वेळ झाली तशी मंडपात दाटी झाली. आमचे पळस्पेकर गृहस्थ खांबाला टेकून उभे होते. त्यांच्यासमोर पुण्याहून आलेला एक चुलतभाऊ होता. पाच हजारांपर्यंत दोघं सारखे चढत गेले. मग चुलतभावानं हात जोडले.

घड मिळाल्यावर त्यांनी तो तिथंच खाली ठेवला आणि केळी तोडायला सुरुवात केली. मुलं भोवती गोळा झाली.

“घरी नाही नेणार?” मी विचारलं.

“घरी न्हेऊन काय करतलंय?” ते म्हणाले. गावात पाय ठेवल्यापासून त्यांची भाषा बदलली होती. “घड माझो, केळी सगळ्यांची.”

मला मिळालेलं केळं लहान, वेलचीच्या जातीचं आणि फार गोड होतं.

राजाचा पोशाख पिंपळाखाली

पावणी संपून पालखी देवळाभोवती फिरली आणि रात्री उशिरा दशावतार उभा राहिला. पिंपळाच्या पारावर मंडळींचे पेटारे उघडले होते. नट एकमेकांना आरसा धरून स्वतःच रंग लावत होते. राजाचं काम करणारा नट मुकुट गुडघ्यावर ठेवून चहा पीत होता. स्त्रीपार्टी नट कंबरेला साडीच्या निऱ्या खोचत कोणाशी तरी मोबाइलवर बोलत होता. आज कोणतं आख्यान करायचं ते संध्याकाळी समितीशी बोलून ठरलं होतं. संवाद लिहिलेले नसतात. कथेचे टप्पे ठरवायचे आणि रंगमंचावर उभ्या उभ्या बोलायचं, हीच या नटांची विद्या.

पायपेटी, पखवाज आणि झांज. आधी गणपती, रिद्धी-सिद्धी, भटजी, सरस्वती, मग काळ्या पोशाखातला, लाल जीभ काढलेला संकासुर. पूर्वी हा आड दशावतार बराच वेळ चाले, आता आटोपता घेतात. पुढे मुख्य आख्यान. पहाटे दहीकाला होतो, हंडी फुटते आणि मग माणसं घरी जातात. मधे एकदा आरतीचं तबक घेऊन नट प्रेक्षकांत फिरला, तेव्हा दहाच्या, वीसच्या नोटा पडल्या.

मंडळीच्या एका प्रयोगाला ‘नाईट’ म्हणतात आणि नाईटचे पैसे ठरलेले असतात. ट्रिकसीन असलेलं नाटक हवं तर ते वाढतात. हे पैसे येतात कुठून, असं मी समितीच्या माणसाला विचारलं. त्यानं मंडपाकडे हात केला. पावणीत जमलेल्या रकमेतून नाईट, मांडव, ध्वनिक्षेपक, वीज यांचा बराच भाग निघतो. उरलं तर देवळाच्या कौलांना.

म्हणजे पाच हजारांचा तो घड विकला गेला तेव्हा खरं तर ही रात्र विकत घेतली गेली होती. पण ती विकत घेणाऱ्याच्या वाट्याला आली नाही. समोर गोणपाटावर झोपाळलेल्या नातवंडांसह बसलेल्या आजी, मांडवाच्या कडेला उभे असलेले शेजारच्या गावचे पोरगे, भज्यांच्या दुकानातला परजिल्ह्यातला कामगार, सगळ्यांची ती रात्र होती. तिकीट नव्हतं, कुपन नव्हतं. बालीवाला थिएटरच्या बाहेर जे राहिले, त्यांच्यासाठी इथं जागा होती. नवी मुंबईच्या सभागृहात मात्र उलट: फळ दूरच्या मुलांना मिळालं आणि रात्र बोली लावणाऱ्याला. दोन्ही दानं चांगलीच. तरी मला विचाराल तर पिंपळाखालची रीत अधिक शहाणी आहे, कारण तिथं देणारा आणि घेणारा एकाच सतरंजीवर बसलेले असतात, एकाच विनोदाला हसतात आणि सकाळी एकाच हंडीतला काला खातात. वसतिगृहातली मुलं आणि हे जोडपं अजून एकमेकांना भेटलेली नाहीत.

वही

पावणीच्या पैशांची या गावात वही असते. पैसे त्याच रात्री द्यायचे असं नाही. नाव आणि आकडा वहीत चढतो, पुढच्या जत्रेआधी फेडायचा. मुंबईकरांचे नंतर फोनवरून येतात. फेडलं नाही तर पुढच्या वर्षी बोली लावता येत नाही, आणि त्याआधी सगळ्यांसमोर नाव वाचलं जातं. हैदराबादजवळच्या बाळापूर गणपतीच्या लाडवाच्या प्रसिद्ध लिलावातही विजेत्यानं पैसे पुढच्या वर्षी द्यायची जुनी रीत होती. १९९४ साली तो लाडू ४५० रुपयांना गेला होता. २०२४ साली बोली ३० लाख १ हजारांवर थांबली. लाडू तोच. आपल्या लालबागच्या राजासमोर आलेल्या सोन्याचांदीचाही विसर्जनानंतर मंडळ लिलाव करतं आणि भाविक तो प्रसाद म्हणून घेतात.

आकडे असे फुगू लागले की मला भीतीही वाटते. त्या जत्रेतसुद्धा चुलतभाऊ हात जोडून थांबला, ते हसत हसत; पण दरवर्षी दोघंही हसतीलच असं नाही. बोलीच्या भरात कर्ज काढलेली माणसं गावाला माहीत आहेत. समितीच्या त्या माणसानं सांगितलं, की एका वर्षी दोन घराण्यांतल्या चढाओढीनं मोठं भांडण पेटलं होतं. तेव्हापासून काकांना सूचना आहे: बोली तापली की घड खाली ठेवायचा, पाणी प्यायचं, मगच पुढचा आकडा घ्यायचा. मी त्यांना तसं करताना पाहिलं होतं. तेव्हा मला वाटलं होतं घसा कोरडा पडला असेल.

आणखी एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटली नव्हती. मंडपात पुढे बसलेल्या बायकांपैकी एकीनंही बोली लावली नाही. साड्यांचीसुद्धा नाही, बायकांनी मागून खूण केली आणि पुरुषांनी आकडा सांगितला. बंदी आहे का, असं मी काकांना विचारलं. ते चकित झाले. “बंदी कसली? कोणी बोलूक नाय इतक्यांत.”

हे मी परतीच्या बसमध्ये वहिनींना सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, नवी मुंबईत यांनी हात वर केला, गावातही यांनीच. हॉटेलातली रात्र दोघांची होती, पण बोली कधी आपली नव्हती.

दिवाळीनंतर काही दिवसांनी यंदाच्या जत्रेची तारीख कळेल. पळस्प्याहून बसची तिकिटं काढायची आहेत, या वेळी मुलांसह आणि वहिनींच्या आईलाही घेऊन. पावणीत मोठा घड निघेल तेव्हा वहिनी पुढे बसणार आहेत, पगारातून दर महिन्याला थोडे बाजूला ठेवलेले पैसे त्यांच्या पर्समध्ये असतील. कुठपर्यंत चढायचं तो आकडा त्यांनी ठरवला आहे. नवऱ्याला तो अजून सांगितलेला नाही.